द्राहाचे ठिपके

माझ्या बहिणीला स्मशानात पोचवायला प्रोफेसर शेबेस्ता आला होता आणि बोललाही. बोल म्हणून कुणी सांगितलं नव्हतं. सात मिनिटं बोलला, त्यातली चार स्वतःबद्दल. म्हणाला, द्राहोमीराबाईंचे हात सोन्याचे होते, इतक्या वर्षांत त्यांनी आम्हाला एकही घाणेरडं चित्र दिलं नाही. शेजारी त्याच्या लॅबमधली श्टेपांका रडत होती, ती कुठेही रडते, लॉटरीच्या निकालालासुद्धा रडते. मी नाही रडले. मी त्याच्या बुटांकडे बघत बसले आणि मनात म्हटलं, अरे मेल्या, चित्र घाणेरडं होतं असं लिहून तर तूच घेतलंस तिच्याकडून.

तर ते सगळं सांगते, कारण त्याने सांगितलेली द्राहा मला माहीत नाही, असली कुणी बाई नव्हतीच. मी क्वेता, तिची मोठी बहीण. त्याच्याच संशोधन संस्थेत, ब्रनो शहराच्या टेकडीवर, एकोणीस वर्षं काचा धुवायला होते. नळ्या, बाटल्या, काचपट्ट्या, सगळं. द्राहा वरच्या मजल्यावर लॅबमध्ये, मी तळघरात. ती बारावी होऊन वर दोन वर्षांचा कोर्स केलेली, मी आठवीनंतर वही उघडली नाही. आणि तिने जन्मात एकच गोष्ट स्वतःच्या डोळ्यांनी शोधली होती, ती तिने माझ्या नोकरीपायी सोडून दिली. हे आधीच सांगून टाकते, मागून कुणाला वाटायला नको की मी लपवलं.

आमचा बाप ब्रुअरीत टाक्या धुवायचा. टाकीच्या तळाला यीस्टचा जो चिखल बसतो तो बादल्यांनी काढायचा आणि घरी यायचा तेव्हा त्याच्या कपड्यांना, मिशांना तोच वास. मला त्या वासाने मळमळायचं. द्राहा मात्र बादलीत बोट घालून बघायची, यात काय आहे म्हणून. बाप म्हणायचा, काय असणार, घाण आहे, पण हिच्यावाचून बियर होत नाही. एवढंच त्याचं शहाणपण, बाकी सगळं त्याने पिऊन टाकलं.

संस्थेत द्राहाचं काम त्याच यीस्टवर. शेबेस्ता तेव्हा प्रोफेसर नव्हता, एक पायरी खाली, दोत्सेंट होता. दोत्सेंट म्हटलं नाही तर त्याला ऐकूच यायचं नाही. नुसतं शेबेस्तासाहेब म्हणून हाक मारली की तो खिडकीबाहेर बघायचा. एकदा फोन दुरुस्त करायला आलेला माणूस त्याला नुसतं साहेब साहेब म्हणत राहिला, तर ह्याने त्याला दारावरची पाटी वाचायला लावली. पाटीवर नावापेक्षा पदव्या जास्त. आमच्याकडे सगळे बाहेरून आले की बूट काढून चपला घालतात, संस्थेतसुद्धा, तर ह्याच्या चपला चामड्याच्या, आणि त्या दुसऱ्या कुणी घातल्या तर तो दिवसभर रुसून. असला माणूस.

त्याचं संशोधन काय होतं ते द्राहाने मला शंभरदा समजावलंय. यीस्टचा एक कण म्हणजे एक गोळा, डोळ्याला न दिसणारा. गोळ्याला कातडी. कातडीत दारं असतात, ती प्रोटीनची. एक दार साखर आत घेतं, एक दुसरं काही घेतं, काही दारं आतलं बाहेर टाकतात. ही दारं कातडीवर कशी बसलेली असतात, हा प्रश्न. दारं दिसत नाहीत म्हणून त्यांना शेपटीसारखा एक हिरवा दिवा जोडायचा, तो दिवा मुळात समुद्रातल्या जेलीफिशचा. मग मायक्रोस्कोपखाली दार जिथे असेल तिथे हिरवं चमकतं.

शेबेस्ताचं म्हणणं, दारं कातडीवर सगळीकडे सारखी पसरलेली असतात, पावावर लोणी फासावं तशी. पाच वर्षं तो हेच छापत होता. त्याच्या प्रत्येक लेखात तेच चित्र, गोळ्याभोवती हिरवी बांगडी, गुळगुळीत, कुठे खाच नाही. बांगडी दिसली की चित्र चांगलं, असा लॅबचा नियम. आणि बांगडी यावी म्हणून ते काय करायचे, तर बघायच्या आधी नळीत थोडं विष घालायचे. ही रीत शेबेस्ताच्या आधीच्या म्हाताऱ्या प्रोफेसरच्या काळापासून चालत आलेली. गोळे जिवंत असले की बदलत राहतात, विष घातलं की जसे आहेत तसे राहतात, असं ते म्हणायचे. कुणी कधी विचारलं नाही की बाबा, मेलेला माणूस जसा पडलाय तसाच तो जिवंतपणी उभा असतो का. पदव्या सगळ्यांकडे होत्या, हा प्रश्न कुणाकडे नव्हता. द्राहाकडेही नव्हता, खोटं कशाला सांगू. ती सुद्धा एकवीस वर्षं विष घालत आली होती, कारण कागदावर तसं लिहिलं होतं.

सन दोन हजारच्या मार्चमधला शुक्रवार. विषाचं कपाट कुलपात असायचं आणि किल्ली श्टेपांकाकडे. श्टेपांका इंजिनियर, पण तिचं खरं काम शेबेस्ता बोलला की मान हलवणं. तर ती त्या शुक्रवारी किल्ली पर्समध्ये टाकून अकरा वाजताच गावाबाहेरच्या आपल्या झोपडीवर निघून गेली, बटाटे लावायला. आणि शेबेस्ताला सोमवारी चित्रं हवी होती. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, किल्ली नाही, चित्र नाही, चला घरी. पण द्राहा म्हणजे द्राहा. तिने विष न घालताच गोळे काचेवर ठेवले.

दुपारी ती तळघरात आली. अंधाऱ्या खोलीतून आलेली, डोळे मिचकावत. म्हणाली, "क्वेता, वर चल जरा. हात पूस आधी."

मी म्हटलं, माझं ॲसिड तापलंय, मला उंदीर वगैरे दाखवणार असशील तर मी येत नाही. तरी गेले. तिने मला स्टुलावर बसवलं, डोळा लावायला सांगितला. मला आधी काही दिसेना, मग हिरवी बांगडी दिसली, पण तुटक तुटक, ठिगळं लावल्यासारखी. मी म्हटलं, बांगडी फुटली तुझी. तर तिने माझा हात धरून बाजूच्या चाकावर ठेवला आणि केसभर फिरवला. चित्र वर सरकलं, गोळ्याच्या मधून त्याच्या माथ्यावर आलं. आणि तिथे ठिपके. गोळ्याच्या सबंध अंगावर हिरवे ठिपके, बारीक, सगळे साधारण एकाच मापाचे, एकमेकांपासून अंतर राखून बसलेले.

मी म्हटलं, "हे तर सूपावरचे चरबीचे डोळे."

ती म्हणाली, "चरबीचे डोळे हलतात. हे हलत नाहीत. दोन तास बघतेय मी."

तिने ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलने काढून ठेवले होते, एकाच गोळ्याचे ठिपके, दर पंधरा मिनिटांनी एक कागद. आठ कागद एकावर एक ठेवून खिडकीला धरले. ठिपक्यावर ठिपका येत होता. म्हणजे दारं कातडीवर लोण्यासारखी पसरलेली नव्हती, ती टोळ्या करून आपापल्या जागी बसली होती, आणि जागा सोडत नव्हती. मला त्यात काय मोठं ते कळलं नाही. तिचा चेहरा बघून कळलं. तिच्या लग्नात सुद्धा तिचा चेहरा असा नव्हता, आणि लग्न करून तिने काय दिवे लावले ते सगळ्यांना ठाऊक आहे, सहा वर्षांत नवरा गेला ओस्ट्रावाला, तिथलाच झाला.

मी तिला म्हटलं, सोमवारी दाखवू नकोस त्याला, आधी दुसऱ्या कुणाला दाखव. ती म्हणाली, कुणाला, त्याचीच लॅब आहे. हाच तिचा मूर्खपणा. ज्याचं छप्पर त्याचा पाऊस, असं तिचं डोकं.

सोमवारी दहाच्या कॉफीला तिने चित्रं टेबलावर ठेवली. त्या दिवशी कुणाचा तरी नामदिन होता, कॅलेंडरात ज्याच्या नावाचा दिवस तो सगळ्यांना खायला घालतो, पावाच्या तुकड्यांवर हॅम, अंडं, मेयोनीज लावून ताटं आली होती, आणि मी पण वर होते, ताट असलं की तळघरालाही बोलावतात. शेबेस्ताने हातातला तुकडा खाली न ठेवता चित्र उचललं. मेयोनीजचा अंगठा चित्रावर. बघितलं आणि म्हणाला, "द्राहाबाई, ही काचेवरची घाण आहे."

श्टेपांकाने मान हलवली.

द्राहा म्हणाली, घाण असती तर गोळ्याच्या बाहेरही दिसली असती, ती नेमकी गोळ्यावरच कशी बसते. शेबेस्ता हसला. म्हणाला, घाण चिकटते जिथे चिकटायचं तिथे, तुम्ही काच कुठून आणली. आणि मग त्याने टेबलाच्या शेवटाला बसलेल्या माझ्याकडे बघितलं, सगळ्यांनी बघितलं. माझ्या तोंडात घास होता.

आमच्याकडे काचपट्ट्या फेकत नसत, धुऊन परत वापरत. जुनी रीत, आधीच्या राजवटीतली, काच परदेशातून यायची तेव्हापासूनची. मी त्या नारिंगी ॲसिडमध्ये रात्रभर बुडवायची, दहा पाण्यांतून काढायची, मग शुद्ध पाण्यातून, मग तागाच्या फडक्यावर. माझ्या बोटांची कातडी बघा अजून, बाप दारू पिऊन गेला तरी त्याचे हात माझ्यापेक्षा बरे होते. आणि हा नाकाने कांदे सोलणारा माणूस म्हणतो माझी काच घाण.

मी तिथल्या तिथे खाली गेले, धुतलेल्या वीस पट्ट्या घेऊन वर आले आणि त्याच्यासमोर एकेकीवर पाणी सोडलं. काच मेणकट असली की पाण्याचे मणी होतात, स्वच्छ असली की पाणी कापडासारखं पसरतं, कुठलीही काच धुणारी बाई हे सांगेल. वीसच्या वीस पट्ट्यांवर पाणी सपाट पसरलं. एक मणी नाही.

तो म्हणाला, "क्वेताबाई, हे स्वयंपाकघर नाही." आणि दुसरा तुकडा घेतला.

त्या आठवड्यात सबंध संस्थेत झालं की क्वेता काचा नीट धुत नाही. दुसऱ्या मजल्यावरचे, ज्यांना आपल्या बायकोचा वाढदिवस आठवत नाही ते सुद्धा, बाटली उजेडाला धरून बघायला लागले. एकाने मला त्याची बाटली परत आणून दिली, आत कॉफीचा डाग होता, कॉफी त्याचीच.

द्राहाला माझं वाईट वाटलं की तिच्या ठिपक्यांचं, मला माहीत नाही, तिने कधी सांगितलं नाही. पण ती रोज सकाळी सातला येऊन बसायला लागली. एकदा विष घालून, एकदा न घालता. माझी काच आणि डब्यातली कोरी काच, दोन्हीवर. कुठल्याही काचेवर, विष नसलं की ठिपके, विष असलं की गुळगुळीत बांगडी. पंधरा दिवसांत तिच्याकडे चारशे चित्रं झाली. तेव्हा तिला कळलं की पाच वर्षं ते सगळे प्रेताचे फोटो काढत होते.

मग तिने शेबेस्ताला अंधाऱ्या खोलीत बोलावलं. मी पण गेले, माझ्या काचेचा प्रश्न होता. श्टेपांका होतीच, ती त्याच्या सावलीत राहते. द्राहाने त्याला स्टुलावर बसवलं आणि म्हणाली, दोत्सेंटसाहेब, जिवंत गोळे आहेत, तुम्ही डोळा काढू नका, मी सांगते काय करतेय ते. त्याने बघितलं. म्हणाला, घाण दिसतेय. ती म्हणाली, हो, आता तिच्याकडेच बघत राहा. आणि तिने वरच्या पातळ काचेच्या एका कडेला विषाचा एक थेंब सोडला आणि दुसऱ्या कडेला टीपकागदाचा तुकडा लावला. कागद पाणी ओढतो, विष काचेखालून सरकत जातं. काच तीच, गोळे तेच, कुणी हात लावला नाही.

खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. तीन मिनिटं, चार मिनिटं. मी त्याच्या मानेकडे बघत होते. ती आधी सैल होती, मग ताठ झाली.

द्राहाने विचारलं, "घाण कुठे गेली, दोत्सेंटसाहेब?"

घाण विरघळली होती. ठिपके फिके होत होत कातडीभर पसरले होते आणि राहिलं होतं त्याचं लोणी. त्याची गुळगुळीत बांगडी. ती त्याच्या डोळ्यादेखत, त्याच्याच विषाने तयार झाली होती.

मला वाटलं आता तो माझी माफी मागणार. बघा माझी अक्कल. मी खरंच ॲप्रनला हात पुसून उभी राहिले, हात मिळवायला. तो उठला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "हे किती जणांनी पाहिलंय?"

एवढंच. एवढा शिकलेला माणूस, जगात कुणी न पाहिलेली गोष्ट डोळ्यांनी बघून उठतो आणि विचारतो किती जणांनी पाहिलंय. आमचा बाप पिऊन नाल्यात पडायचा तेव्हा तोही उठल्यावर हेच विचारायचा.

श्टेपांका म्हणाली, मला काहीच दिसलं नाही, मी भिंतीकडे बघत होते. ते मात्र खरं असेल.

त्याची प्रोफेसरपदाची फाइल त्या शरद ऋतूत जायची होती. फाइलमध्ये अकरा लेख, अकराही लेखांत बांगड्या. ठिपके खरे म्हटले की अकरा लेख रद्दी. तो काही ठार वेडा नव्हता, त्याला हिशोब कळत होता. दोन दिवसांनी त्याने द्राहाला खोलीत बोलावलं, दार लावलं, आणि तिने ते मला संध्याकाळी ट्रामच्या थांब्यावर सांगितलं. तो म्हणे फार गोड बोलला. म्हणाला, हे तुमचं निरीक्षण रंजक आहे पण अजून कच्चं आहे, आणि कच्चं बाहेर गेलं की संस्थेची बदनामी. मायक्रोस्कोपच्या नोंदवहीत ठिपक्यांची नोंद झालीये, ती तशी उघडी राहू शकत नाही. तर तुम्ही खाली लिहा की मार्चमध्ये तळघराचे पाइप दुरुस्त झाले, पाण्यात गाळ आला, काचा मळल्या, चित्रं बाद. तुम्ही सही करा, मी करतो. क्वेताबाईंवर काही ठपका नाही, दोष पाइपांचा.

पाइप कुणी दुरुस्त केले नव्हते. ते अजून तसेच गळतात.

आणि नाही लिहिलं तर? द्राहाने विचारलं म्हणे. तर तो म्हणाला, मग मला घाण गंभीरपणे घ्यावी लागेल, तळघराची तपासणी होईल, आणि तसंही जर्मनीतून एकदा वापरून फेकायच्या काचा आता स्वस्त मिळतात, काच धुणारी बाई कशाला लागते हा प्रश्न येईलच. किती वर्षं राहिली तुमच्या बहिणीची?

माझी तीन वर्षं राहिली होती पेन्शनला. त्रेपन्न वय, हात असे, शिक्षण आठवी. तेव्हा ब्रनोत कारखाने बंद पडत होते, मला कुणी जिना झाडायला ठेवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ती नोंदवही घेऊन तळघरात आली. मी नळाशी होते. ती म्हणाली, "काय करू?"

हे मला रोज आठवतं. वाफ होती, तिचा चष्मा धुकट झाला होता, तिने तो काढला नाही. मी म्हणू शकले असते, जा, चुलीत गेली माझी नोकरी, तू तुझे ठिपके घेऊन प्रागला जा, कुणालाही दाखव. आदल्या रात्री मी हे म्हणायचं ठरवलं सुद्धा होतं. पण मी म्हटलं, "मला काय विचारतेस, शिकलेली तू." आणि मग, ती अजून उत्तरासाठी थांबलीये असं वाटलं म्हणून म्हटलं, "तीन वर्षं आहेत माझी, द्राहा."

तिने माझ्याच टेबलावर, ओल्या फडक्याशेजारी वही ठेवून लिहिलं. गाळ, काचा, चित्रं बाद. तिचं अक्षर सुरेख होतं. मग वर जाऊन त्याची सही घेतली.

शरद ऋतूत तो प्रोफेसर झाला. दारावर नवी पाटी, जुन्यापेक्षा एक वीत लांब. पार्टीला हरणाचं मांस होतं, त्याने मला स्वतः प्लेट आणून दिली, मी खाल्लं. चांगलं शिजवलं होतं, तेही सांगते. द्राहा परत विष घालायला लागली. रोज, प्रत्येक नळीत, मापून. ती मुकाट्याने बांगड्या काढत होती आणि मला तिचा राग यायचा. स्वतःचा यायला हवा होता, पण तिचा यायचा, ते सोपं होतं. मी तिला जेवताना टोचायची, काय ग, आज किती मारलेस. ती म्हणायची, चाळीस लाख, आणि सूप प्यायची.

दोन हजार तीनच्या मे महिन्यात मला पेन्शन लागली. मला घड्याळ दिलं, ते ऑगस्टमध्ये बंद पडलं.

आणि त्याच वर्षी शरद ऋतूत बाहेरच्या कुणीतरी ठिपके छापले. आमचे नव्हेत, त्यांचे स्वतःचे, त्यांनी आपल्या वाटेने शोधलेले. जिवंत गोळे, हिरवे ठिपके, जागेवरून न हलणारे. द्राहाने तो लेख वाचनालयात उभ्याने वाचला. मला फोन करून म्हणाली, त्यांच्याकडचा मायक्रोस्कोप फार चांगला आहे, कडा काय स्वच्छ आल्यात. एवढंच बोलली. मग विचारलं, मश्रूम आणायला रविवारी येतेस का.

शेबेस्ताने सोमवारी वाचलं. तो धावत द्राहाच्या खोलीत आला, बुटांसकट, चपला घालायचं भान नाही, हे तिने मला दोनदा सांगितलं. श्टेपांकाही मागे. म्हणाला, द्राहाबाई, आपण हे तीन वर्षं आधी पाहिलं होतं, तुमची ती चारशे चित्रं कुठे आहेत, आपण लगेच लिहू, की आमच्या लॅबमध्ये हे आधीच दिसलं होतं. तुमचं नाव घालू, तिसरं.

तिला ती चित्रं कुठे आहेत ते माहीत होतं. माझ्या घरी पलंगाखाली होती, बुटांच्या दोन खोक्यांत.

ती म्हणाली, "आपण काही पाहिलं नव्हतं, प्रोफेसरसाहेब. आपल्याकडे पाइपांचा गाळ होता. तसं लिहिलंय, तुमची सही आहे."

तो म्हणाला, तो एक गैरसमज होता, शास्त्रात असं होतं. मग तो हळू आवाजात म्हणाला की नोंदवही काय, एक पान आहे, पान काढता येतं.

"पानांवर नंबर आहेत," ती म्हणाली. "नंबर तुम्हीच घालायला लावले होते. कुणी पान फाडू नये म्हणून."

श्टेपांकाने मान हलवली म्हणे. सवयीने हलवली असेल, पण नेमकी चुकीच्या वेळी, आणि त्याने ते बघितलं. तिचं प्रमोशन दोन वर्षं अडकलं त्यापायी. मला तिची जेवढी दया यायला हवी तेवढी येत नाही.

मी ऐकलं तेव्हा मी द्राहाला मूर्ख म्हटलं. म्हटलं, तिसरं तर तिसरं, नाव तर आलं असतं, सगळ्या जगाने वाचलं असतं. ती बटाटे सोलत होती. म्हणाली, तो मला विचारायला आला नव्हता क्वेता, चित्रं न्यायला आला होता. आणि तिने खोकी काही मागितली नाहीत, ती अजून माझ्या पलंगाखाली आहेत. मी उघडून बघत नाही. धूळ पुसते वरची.

त्यानंतर त्याने तिला मायक्रोस्कोपवरून काढलं आणि यीस्टचं खाणं शिजवायच्या खोलीत घातलं. मोठ्या भांड्यात पेज शिजवायची, गरम असताना ताटल्यांत ओतायची, थंड झाली की झाकणं लावायची. बावन्न वर्षांची बाई, जगातले पहिले ठिपके बघितलेली, पेज ओततेय. सात वर्षं ओतली. तक्रार केली नाही. मला हेच आवडत नव्हतं तिचं, की ही बाई कुणाच्या अंगावर धावून जात नाही. त्या एका सोमवारी तेवढी गेली, तीही बसल्या जागी.

आता तिच्या आजाराचं. पोटात होतं, उशिरा कळलं. या जानेवारीत दवाखान्यात मी रोज दुपारी जायची, तिला डब्यातून मटणाचं पाणी न्यायची, ती दोन चमचे घ्यायची आणि माझं मन राखायला तिसरा. एक दिवस बरं होतं, खिडकीत ऊन होतं, शेजारची बाई तपासणीला गेली होती. मी विचारलं. दहा वर्षं विचारायचं होतं ते विचारलं. म्हटलं, द्राहा, त्या दिवशी मी नळाशी म्हटलं असतं की माझी नोकरी गेली खड्ड्यात, सही करू नकोस, तर तू नसती केलीस का.

मला वाटलं ती म्हणेल, नाही ग, मी तरी केलीच असती, शेबेस्ताला मी कुठे पुरणार होते. माझ्यासाठी म्हणेल. मरायला टेकलेलं माणूस एवढं खोटं तर बोलतंच, आमचा बापसुद्धा बोलला होता.

तिने थोडा विचार केला. म्हणाली, "नसती केली."

मग म्हणाली, ते पाणी थंड झालंय, राहू दे. मी डबा बंद केला.